मामांचा राब आणि जळालेली करवंदं

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज नवऱ्याला सुट्टी होती. पॉवरलूमच्या खडखडाटातून जरा सुटका म्हणून मुलींना घेऊन भिवंडीहून दिघाशीला मामांकडे गेलो. धाकटीने आठवडाभर करवंदांचा जप लावला होता. डबासुद्धा तिनेच घेतला.

घरामागची टेकडी काळीठिक्कर! करवंदाची एक जाळी शिल्लक नाही.

मी ओरडलेच, "मामा, कोणी लावली आग?"

मामा शांतपणे म्हणाले, "अगं, आमीच राब भाजला. वारा सुटला, आग वर गेली. दरसाल थोडी जातेच, यंदा जास्त गेली."

भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा भाजतात, हे मलाही माहीत आहे. पण आग वर चढताना नुसतं बघत बसायचं? आग झोडपायला हिरवी फांदी घेऊन एक माणूस उभा राहिला असता तर काय बिघडलं असतं?

धाकटी रिकामा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली.

घरी येऊन गेल्या वर्षीची माझी पोस्ट काढली. त्याच राबाचा फोटो, वर मीच लिहिलेलं, "आमच्या मातीची परंपरा." मागे टेकडीचा पायथा पेटलेला स्पष्ट दिसतोय. तुम्ही सगळ्यांनी त्यावर भरभरून लाल बदाम दिले होते.

एकालाही ती आग दिसली नव्हती? आणि मला?