उपाशीपोटीची गोळी

शाळेत नोकरी म्हटली की लोकांना वाटतं, हिच्याकडे पोरांचे किस्से ढीगभर असणार. असतात की! पण कळंबच्या आमच्या शाळेत खरा साठा झाला तो गोळीच्या किश्श्यांचा. आधी मला थायरॉईड निघाला, मग देशमुख बाईंना, मग मनीषाला. तिघींचीही गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी, आमच्या भाषेत गाठ, कामचुकार, म्हणून रोज सकाळी एक गोळी. पूर्वी मधल्या सुट्टीत आम्ही "आज भाजी काय?" विचारायचो, आता "टीएसएच किती आला?" विचारतो, म्हणजे रक्ततपासणीतला थायरॉईडचा आकडा; गाठ जितकी कामचुकार, तितका तो वर. एकीनं तोंड उघडलं की दुसरीला आपलं आठवतं आणि डबे तसेच राहतात.

* * *

सुरुवात माझ्यापासून. भर एप्रिलमध्ये परीक्षेच्या हॉलवर मी स्वेटर घालून उभी होते. कळंबच्या एप्रिलमध्ये! हेडसर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, पेपर झाला की तसंच महाबळेश्वर का?" पोरं खदाखदा हसली. मला हसायचासुद्धा कंटाळा आला होता.

वर्षभर हेच चाललं होतं. केस गळायचे, वजन वाढायचं, भाकरी थापता थापता डुलकी लागायची. सासरी माझं नाव आळशी म्हणून पक्कं झालं होतं. शेवटी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची थायरॉईडची गाठ काम करत नाही. आळस तिचा आहे, तुमचा नाही."

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आजार निघाला की माणसं रडतात, मी दवाखान्याच्या पायरीवरूनच सासूबाईंना फोन लावला. "आई, रिपोर्ट आला! मी आळशी नाही, आजारी आहे!"

 पलीकडून आवाज आला, "व्हय का? मग तुझ्या नवऱ्याचं बी तपासून आण."

* * *

गणिताच्या देशमुख बाई आमच्यात थोरल्या. गळ्यात तुळशीची माळ, आचार-विचार कडक, हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे नाही. पण त्यांचा टीएसएच काही केल्या खाली येईना. गोळी वाढवली, पुन्हा वाढवली. डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

"बाई, उपाशीपोटीच घेता ना?"

"अगदी उपाशीपोटी!"

"कशासोबत घेता?"

"चहासोबत."

"अहो, मग ते उपाशीपोटी कसं झालं?"

देशमुख बाई दुखावल्या. "चहा म्हणजे काय खाणं आहे का!"

आमच्या जिल्ह्यात चहाला कुणीच खाणं म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की चहानं गोळी अंगी लागत नाही, गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढं तासभर काही नको. बाईंचा चेहराच उतरला.

"तासभर? म्हणजे तोवर मी घरातल्या माणसांशी बोलायचं कसं?"

* * *

बाईंचं माहेर तुळजापूरचं. नवरात्रात घट बसले की त्यांचा कडकडीत उपास. पहिल्याच वर्षी प्रश्न पडला, ही गोळी उपासाला चालते का? आम्हाला विचारलं, तुळजापूरला भावाला फोन केला, कुणाचंच उत्तर पटेना. शेवटी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंच्या दारात मरणाची गर्दी. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "बाई, उपास तुमचा आहे, गाठीचा नाही. ती बिचारी बारा महिने उपाशीच आहे!"

तेव्हापासून देशमुख बाई नवरात्रातही गोळी घेतात. घेताना गळ्याला हात लावून "घे बाई" म्हणतात.

* * *

बाईंचा मुलगा अमेरिकेत. एकदा तो सुट्टीला आला तेव्हा आईसाठी एक मोठी बाटली घेऊन आला. त्याच्या बायकोला तिथं तेच औषध चालू होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती बाटली स्टाफरूमच्या टेबलावर आणून ठेवली.

"बघा! नॅचरल थायरॉईड! तुमच्या-माझ्या गोळीसारखं कारखान्यातलं केमिकल नाही."

आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. मनीषा विज्ञानाची, आमच्यात सगळ्यात लहान. तिनं बाटली उचलली आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागली. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

"बाई, ह्यातली एखादी घेतली का तुम्ही?"

"छे, सील आहे की अजून. गुरुवारी सुरू करणार."

"नका करू."

"का गं?"

"ही डुकराच्या गाठीपासून बनवतात."

बाईंनी खुर्ची टेबलापासून मागे ओढली. मग पीटीचे गुरव सर कोपऱ्यातून म्हणाले, "नॅचरलच झालं की! डुक्कर काय कारखान्यात बनतं व्हय?"

मनीषानं मग सांगितलं की आपली रोजची गोळी कारखान्यातली असली तरी आपल्या गाठीत जे बनतं हुबेहूब तेच त्यात असतं, माप पक्कं असतं आणि त्यात कुठल्या जनावराची गाठ लागत नाही. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या माळेवर हात ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या.

"वाचले गं बाई. एक गोळी जरी पोटात गेली असती तर!"

"गेली नाही ना? मग झालं," मी म्हटलं.

"तसं नव्हं गं," बाई रडवेल्या झाल्या. "काल रात्री ती बाटली मी देवघरात ठेवली होती. हळदकुंकू वाहून!"

* * *

आता मनीषाचं सांगते. तिला मुलगी झाली आणि दोघी ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते. उगाच तुमचा जीव टांगणीला नको. आमचा बरेच दिवस होता, तेवढा पुरे.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. त्यानंतर थायरॉईड निघाला, गोळी सुरू झाली आणि तिसऱ्यांदा दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. बाळाला तुझ्याच जिवावर वाढायचंय."

दिवाळीच्या सुट्टीत ती सासरी सास्तूरला गेली. सुट्टी संपली तरी आली नाही, रजा वाढवली. फोन केला तर आवाज जड, शब्द सावकाश. मी ओळखलं. तो माझाच जुना आवाज होता. रविवारी गुरव सरांच्या गाडीतून मी आणि देशमुख बाईंनी सास्तूर गाठलं.

मनीषाचा चेहरा सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले. मी सरळ विचारलं, "गोळी घ्यायलीस का?"

तिनं सासूकडे बघितलं. सासूच बोलल्या. "म्या बंद केली. पोटात लेकरू, आन् वरनं केमिकल वतायचं? झाडपाल्याची पुडी द्यायले. निसर्गाचं ते कदी वंगाळ नसतंय."

माझं डोकं भडकलं. पण त्या बाईंच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता, धास्ती होती. त्यांनाही हे मूल तेवढंच हवं होतं. मी अर्धा तास समजावलं. देशमुख बाईंनी देवाची शपथ घालून सांगितलं. गुरव सर अंगणात फेऱ्या मारत होते. सासूबाईंचं एकच, "निसर्गाचं ते निसर्गाचं."

मग मनीषा भिंतीला टेकूनच सासूला म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द नीट होते.

"आत्या, मागच्या दोन्ही वेळंला मी एक बी गोळी घेत नव्हते. समदं निसर्गाचंच चालू होतं."

 सासूबाईंनी घराच्या भिंतीकडे बघितलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधून मिळालेलं ते घर, सरळ रेषेतलं, गल्लीतल्या बाकीच्या घरांसारखंच. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत गेल्या, ज्वारीच्या कणगीत हात घालून गोळ्यांची बाटली काढली. पदरानं पुसली. तांब्याभर पाणी आणलं आणि सुनेजवळ येऊन बसल्या.

"आमचं आधीचं घर दगडा-मातीचं व्हतं," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "समदं रानातलंच. माझी थोरली लेक त्याच्याखाली गेली."

त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं.

"हे घर सिमिटाचं हाय. ह्यात तुजा नवरा वाढला. घे बाई."