दाजी आणि पोर्तुगालची मारिया

एक्सेल शीटमधल्या दोन चौकटी एकत्र करणारा माणूस आयुष्यात कधी सुखी होत नाही, असं ठामपणे मानणारी पृथ्वीतलावर एकच व्यक्ती आहे, आणि ती मळवलीला राहते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली की लोक भातशेती बघतात, भजनी मंडळात जातात. दाजींनी लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे; दुसऱ्या प्रोग्रॅमवाल्यांनी आयता उचलून वापरावा असा कोडचा संच, तोही इंटरनेटवर फुकट. "शीटमधली ओळ ही ओळ नसते, वस्तू असते," हा त्यांचा सिद्धांत. कुठल्या रकान्यात काय आहे हे आठवत बसायचं नाही. बंगल्यांच्या यादीतली ओळ उचलली की तिचा बंगला होतो. 'बंगला डॉट खोल्या' असं विचारलं की बंगला मुकाट्यानं उत्तर देतो, आणि उत्तर बदललं की ते शीटमध्ये आपलं आपण लिहिलं जातं.

हा डॉट पुढे स्वयंपाकघरात शिरला. "अगं, डबा डॉट झाकण कुटं गेलं?" असं दाजी विचारत आणि ताई पोळी लाटता लाटता म्हणे, "ओटा डॉट खाली." लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब' दिसलं की ते वधूपित्याला फोन लावत, "सहकुटुंब म्हणजे नक्की किती जणं? चौकटी मर्ज करून ठेवता आणि मग जिलबी कमी पडते!" कामशेतच्या बाजारात एकदा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, कोथिंबीर न्हाई. दाजी तिथंच उभे. "न्हाई म्हणजे? आणलेली संपली, का आणायचीच राहिली? शून्य वेगळं, रिकामं वेगळं, मावशी." मावशी म्हणाल्या, "भाऊ, मेथी घ्या आन् फुडं व्हा. मागं लोकं खोळंबल्यात."

मी लोणावळ्यात बंगल्यांच्या बुकिंगचं काम बघतो. थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं म्हणून, आणि मुख्यतः ताईच्या धाकानं, मी दाजींची लायब्ररी आमच्या शीटला जोडली. एका कुटुंबानं 'लहान मुलं' हा रकाना रिकामा सोडला होता. लायब्ररीनं तिथं बिनदिक्कत शून्य लिहिलं. शनिवारी गाडीचं दार उघडलं आणि पोरं उतरतच राहिली. बंगल्यात एकही जादा गादी नव्हती. रिकाम्याचं शून्य! आणि तेही दाजींच्या हातून!

आता हे त्यांना सांगायचं कुणी? आमच्या घरात जावयाला 'आमटी वाढू का' यापलीकडे प्रश्न विचारायची रीत नाही, आणि मी तर आमटीसुद्धा न विचारता वाढणारा. शेवटी मी इंटरनेटवर मारिया झालो. पोर्तुगालमध्ये छोटं हॉटेल चालवणारी मारिया. नम्र इंग्रजीत चूक कळवली आणि सुटलो.

सुटलो कसला! तोवर जगातून त्यांना एका माणसानं एक ओळ लिहिली नव्हती. दाजींनी अख्ख्या गल्लीत चिक्की वाटली. "माझी लायब्ररी चुकते, हे पोर्तुगालला कळलं!" चूक दुरुस्त झाली, शिवाय दाजींना भूक लागू लागली, ते दाढी रोज करू लागले. मग आमच्या शीटमध्ये काहीही अडलं की मारिया लिहू लागली. तारखा उलट्या येतात, फोन नंबरातलं पहिलं शून्य गळतं. मला वाईट वाटायचं, पण ताई सांगायची, "हल्ली हे शीळ घालतात रे," आणि मी पुन्हा गप्प बसायचो.

अखेर दाजींनी तिला घरी बोलावलं. आपल्याकडे अशा वेळी 'येऊ की कधीतरी' म्हणतात, तसं मारियानंही लिहिलं. दाजींनी ते येणं पक्कं धरलं. पुढच्या रविवारी मी गेलो तर घराला रंग दिलेला, नवा इंद्रायणी तांदूळ आलेला, आणि मारियाची गैरसोय नको म्हणून गवंडी मागं कमोड बसवत होता.

तिथंच, त्या सिमेंटच्या घमेल्यापाशी, मी सगळं सांगितलं. मी आयुष्यात एवढं सलग कधी बोललो नव्हतो. गवंडी थापी धरून म्हणाला, "मग काम थांबवू व्हय?"

"कशाला? आमच्या हिचे दुखरे गुडघे हायेतच की," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ते रिकाम्याचं शून्य व्हायचं, ते तरी खरं का?"

"खरं, दाजी. सगळ्याच चुका खऱ्या होत्या. फक्त मारिया नव्हती."

दाजींनी गवंड्याच्या हातातली थापी घेऊन ओलं सिमेंट सारखं केलं. "मग आता चुका कोण सांगणार?"

"मी. तोंडावर."

"जमंल?"

जमतं, कसंबसं. रविवारी मी मळवलीला जातो, समोर बसतो आणि घसा साफ करून दाजींना त्यांच्या चुका सांगतो. ते मान डोलावतात, लगेच दुरुस्तीला लागतात, एका शब्दानं दुखावल्याचं दाखवत नाहीत. मात्र परवा मी फारच अडखळलो, तेव्हा चष्मा पुसत हलकेच म्हणाले, "ती जरा गोडीनं सांगायची."