मोठ्यानं घेतलेला वास

मास्तर वखारीत शिरताना चपला दाराबाहेर काढायचे. आजाऱ्याच्या खोलीत जावं, तसे हळू आत यायचे. चहा बशीत ओतायचे आणि बशी विसरून जायचे. आंबा उचलला की देठाच्या बाजूनं हुंगायचे, डोळे मिटायचे, मग घड्याळाकडे बघायचे. चिकूच्या सालीवर नखानं एक बारीक ओरखडा काढायचे, खाली हिरवं दिसलं की म्हणायचे, "पोरकट आहे अजून." केळ्यांना 'अहो' म्हणायचे आणि फणसाला 'अरे'. अत्तर लावून आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवायचे. "तोंड धुऊन या आधी. माझी केळी बिथरतात." संध्याकाळी घरी जाताना पिशवीत एकच फळ न्यायचे, तेही डाग पडलेलं. चांगलं गिऱ्हाइकाचं, डागाळलेलं वहिनींचं. वहिनी म्हणायच्या, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, या माणसानं मला धड पपई दाखवली नाही."

हे सगळं ताई एकोणीस वर्षं बघत होत्या. त्यांचा काटा वखारीच्या मधोमध होता. येणारं आणि जाणारं प्रत्येक फळ त्यांच्यासमोरून तोलून जायचं, आणि मास्तर त्यांच्या डोळ्यांपुढून दिवसाला शंभरदा.

मास्तरांनी शाळा सातवीत सोडली होती. ते शिकवत कुणालाच नव्हते. पण वखारीत फळ कधी पिकलं हे ठरवणारा माणूस एकच, म्हणून ते मास्तर.

ट्रकमधून उतरणारं फळ हिरवं आणि दगडासारखं असायचं. आठ खोल्या होत्या. कुठं केळी, कुठं पपया, कुठं गवतात रचलेली आंब्यांची अढी. खोलीत ऊब किती हे सांगायला दारावर यंत्र होतं. फळ बाहेर कधी काढायचं, ते मास्तरांचं नाक सांगायचं. आज काढलेली केळी रुग्णालयात. उद्याची दुकानात. परवाची, साल काळी पडलेली, केक भाजणाऱ्या बाईंकडे. त्यांना तीच हवी असायची, कारण गोडी तेव्हाच खरी चढते. पेरू कडक असला तर टोपलीत, मऊ पडला तर जेलीवाल्याकडे. हिरवी पपई खानावळीत जायची, तिच्या चिकानं मांस लवकर शिजतं म्हणून. अननसाला मात्र ते थांबवून ठेवायचे नाहीत. "हा झाडावरून उतरला की हट्टाला पेटतो. पुढं गोड होणार नाही, नुसता नासेल. आल्या पावली पाठवा." फळ टाकून द्यायचं म्हटलं की त्यांचा जीव तुटायचा. "फळ वाईट नाही हो. गिऱ्हाईक चुकलंय."

ताई वखारीत आल्या तेव्हा झाडलोट करायला आल्या होत्या. पदरात दोन मुलं, नवरा नाही. मास्तरांनी त्यांना फरशी पुसताना पाहिलं आणि मालकांना म्हणाले, "हिचा हात स्थिर आहे. काट्यावर बसवा." ताईंना तेव्हा आकडे नीट वाचता येत नव्हते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पहिले दोन महिने मास्तर कसल्या ना कसल्या निमित्तानं काट्यामागं येऊन उभे राहायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "बावीस आणि वर पाव... बरं भरलंय." ताई लिहायच्या बावीस आणि पाव. दोन महिन्यांनी पुटपुटणं थांबलं. तोवर आकडे ताईंच्या डोळ्यांत बसले होते. ही गोष्ट दोघांत कधी बोलली गेली नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी मास्तरांना ताप आला. नऊ दिवस अंथरुणावर होते. दहाव्या दिवशी आले ते खांदे पडलेले, पण हसत. "पपया रडत होत्या म्हणे माझ्यासाठी," असं म्हणून थेट खोल्यांकडे गेले.

दुपारी त्यांनी मधली अढी उघडली. आंबा उचलला, देठाकडून हुंगला, डोळे मिटले, घड्याळ पाहिलं. म्हणाले, "उद्या सकाळी."

ताई काट्यावर होत्या, दहा पावलांवर. त्यांच्या नाकात वास शिरला तो आंबट, तोंड वाकडं करायला लावणारा. आंबा उद्याचा नव्हताच. तळाचे दोन थर कालच हाताबाहेर गेले होते.

मास्तर दुसऱ्यांदा हुंगत होते. या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते आंब्याकडे असे बघत होते, जसं ओळखीच्या घराचं दार वाजवावं आणि आतून कुणी ओ देऊ नये.

ताईंना सगळं कळलं. आणि मालक जिन्यावरून उतरत होते, हेही दिसलं. मालकांचं मास्तरांवर प्रेम होतं. पण मागच्या वर्षी पाय मोडलेल्या ड्रायव्हरला त्यांनी किती प्रेमानं फाटकावर राखणीला बसवलं होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. फाटकावरचे मास्तर ताईंना क्षणभर दिसले. चपला घातलेले.

"काय रे पैलवाना," त्या हमालांच्या मुकादमावर मोठ्यानं ओरडल्या, "मधल्या अढीतून आंबट वास येतोय, की मला भास होतोय?"

पैलवान अंगानं आडवा आणि डोक्यानं सरळ. पण त्या दिवशी त्यानं एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि पाठीवरचं क्रेट खाली ठेवलं. "भास कसला! दूध नासल्यासारखा वास सुटलाय. तळाचं गेलं बघा."

मास्तरांनी हातातला आंबा खाली ठेवला. म्हणाले, "तेच म्हणतोय मी. तळ काढा आधी."

त्या दिवसापासून वखारीत सगळे वास मोठ्यानं घेऊ लागले. कुणी तसं ठरवलं नाही. एकानं सुरू केलं आणि दुसऱ्यानं उचललं. "तिसऱ्या खोलीत केळी काय घमघमतायत!" "पपईला आज वासच नाही बुवा, अजून झोपलीय." "पेरूंनी डोकं उठवलं माझं." बाहेरून कुणी आलं असतं, तर त्याला वाटलं असतं या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदाच फळं पाहिली. ड्रायव्हरसुद्धा ट्रकमधून उतरता उतरता वर्दी द्यायचे. मास्तर ऐकायचे, फळ हातात घ्यायचे, अंगठ्यानं दाबायचे, उलटंपालटं करायचे, कानाशी नेऊन टिचकी मारायचे. मग नाकाशी धरायचे. नाकाशी धरणं त्यांनी सोडलं नाही.

पैलवानाला मात्र हे काम झेपत नव्हतं. तो उत्साहात वाहवत जायचा. एकदा म्हणाला, "वा! आज अननस नुसता दरवळतोय!"

मास्तर म्हणाले, "आज अननस आलेच नाहीत."

सगळे थिजले. पैलवान घाम पुसत म्हणाला, "कालचा वास राहिला असेल."

"असेल," मास्तर म्हणाले, आणि पाठ फिरवून पुढच्या खोलीत गेले. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की काय, ते ताईंना कळलं नाही.

पाच महिने असे गेले. पाच महिन्यांत एकही खोली वाया गेली नाही. ताईंना वाटायला लागलं होतं, की निभावलं.

मग एका सकाळी मालक एका पाहुण्याला घेऊन आले. एका मोठ्या हॉटेलाची खरेदी त्याच्या हातात होती. काट्याशेजारी दोन फणस पडले होते, जुळ्या भावांसारखे. मालक उत्साहात होते. "साहेब, आमच्याकडे एक जादू आहे. मास्तर, यातला आजचा कुठला, सांगा बरं. आणि तुम्ही सगळे जरा गप्प बसा! हल्ली काय बाजार भरवता रोज कोण जाणे. मास्तरांना शांतपणे वास घेऊ द्या."

वखार गप्प झाली. ताईंना वास आला होता. डावीकडचा. तो सांगायला जीभ टाळूला येऊन थडकली आणि तिथंच राहिली. पैलवान खोकला. मालकांनी डोळे वटारले. तो खोकलाही गिळला गेला.

मास्तर गुडघ्यांवर बसले. उजव्या फणसावर वाकले, नाक लावलं. दोन्ही तळवे फणसाच्या अंगावरून फिरत होते. बोटांची पेरं काट्यांवर टेकत, दाबत, पुढं सरकत होती. मग एक टकटक. दुसऱ्या फणसाशी तसंच. तिथं टकटक केल्यावर आवाज आला तो ओला, खोल, गादीवर थाप मारल्यासारखा.

"हा आज," त्यांनी डावीकडच्यावर हात ठेवला. "आणि अरे, तू परवा. घाई करू नका त्याची."

फणस कापला. आत पिवळेधमक गरे. पाहुण्यानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि आठळ्यांचं काय करायचं ते विचारलं. "उकडा, मीठ लावा," मास्तर म्हणाले, "गऱ्यांपेक्षा जास्त खपतील."

पाहुणा गेल्यावर ताई नळाजवळ तोंड धूत राहिल्या. उगाचच. मास्तर मागून आले.

"ताई, पाणी वाया घालवू नकोस."

"फणसाचा चीक उडाला."

"डोळ्यांत?"

ताईंनी नळ बंद केला. मास्तर कट्ट्यावर बसले.

"पाच महिने तुम्ही सगळे माझ्या कानाशी वासाचं समालोचन करताय. तुला काय वाटलं, मला नाक नाही म्हणजे डोकंही नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही थांबला असतात." त्यांनी आपले तळवे उघडून पाहिले. "तू म्हणायचीस पपई अजून झोपलीय, की मी ती दाबून बघायचो. झोपलेली पपई हाताला कशी लागते, ते लक्षात ठेवायचो. पैलवान म्हणायचा केळी घमघमतायत, की मी देठाजवळ चाचपायचो. तीस वर्षं नाकाच्या जिवावर खाल्लं, हाताला कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही बोलत होतात म्हणून हात शिकला. त्या पैलवानाचा अननस तेवढा सोडून."

ताई हसल्या आणि मग हसता हसता त्यांना हुंदका आला. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. म्हणाले, "काट्यामागं उभं राहणारा कुणीतरी लागतो गं. प्रत्येकाला."

एकोणीस वर्षांत तो विषय पहिल्यांदा निघाला, आणि एवढाच.

त्याच दुपारी मास्तर जिना चढून मालकांकडे गेले. ताईंनी अडवलं. "आता कशाला? जमलंय ना सगळं?"

"आज जमलं. पण माझ्या नाकावर तो पाहुणा उद्यापासून माल घेणार. नसलेल्या नाकावर."

दार उघडंच होतं. खाली सगळं ऐकू येत होतं. मास्तरांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. पैलवान ताईंच्या कानाशी पुटपुटला, "फाटक." ताईंनी त्याला कोपरानं ढोसलं.

मग मालकांचा आवाज आला. "मास्तर, महिनाभर मी रोज अत्तर लावून खाली येतोय. मुद्दाम. तुम्ही एकदाही मला हाकललं नाहीत. पहिल्या दिवशीच कळलं मला."

"मग आज पाहुण्यासमोर...?"

"बघायचं होतं, कशावर चाललंय. त्यांच्या ओरडण्यावर, की तुमच्या स्वतःच्या कशावर."

"आणि?"

"आणि काय? कपाळ माझं! बसा. चहा घ्या." कपबशीचा आवाज आला. "पण ऐका. हातानं ओळखायचं तर सगळी फळं हातानं. एखादं कळत नसेल, तर मोकळेपणानं सांगा. त्या फळापुरता दुसरा माणूस नेमू. त्यात तुमचं काही कमी होत नाही."

"एक आहे," मास्तर म्हणाले. "सीताफळ. पण त्याला दुसरा माणूस नको. हंगाम संपेपर्यंत वेळ द्या."

"दिला."

खाली पैलवानानं ताईंना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. मास्तर जिना उतरले तेव्हा चेहरा गंभीर होता. पायरीवर थांबून म्हणाले, "कोण अत्तर लावून आलंय, ते मला यापुढं तुम्ही सांगायचं. मालक असले तरी."

सीताफळानं त्यांना खरंच रडवलं. ते सकाळी दगड असतं आणि दुपारी लोणी. डोळ्यांमधल्या फटी पांढुरक्या होऊन रुंदावतात, ते नजरेला दिसतं. पण त्या क्षणानंतर नेमके किती तास, ते पूर्वी नाक सांगायचं. हात अजून चुकत होता. कधी चार तास आधी, कधी दोन तास नंतर. उशीर झाला की फळ उचलताना हातातच फुटायचं आणि मास्तर कोपरापर्यंत माखून म्हणायचे, "घ्या. कळलं म्हणे." मग बिया निवडून धुवायचे, त्यांची पूड झाडाच्या किडीवर चालते म्हणून मागच्या रोपवाटिकेत पाठवायचे. वायाला काहीच जायचं नाही.

त्यांनी खिडकीच्या पट्टीवर पाच सीताफळं ओळीनं मांडली. एकाच झाडाची, एकाच वेळी उतरवलेली. दर तासाला प्रत्येकावर अंगठा ठेवायचे, न दाबता, नुसता टेकवायचे, आणि त्याच्याखाली सरकवलेल्या कागदावर वेळ लिहायचे. ताईंनी विचारलं, "काही सांगू का? मला वास येतोय."

"सांगू नकोस. हे एक मला एकट्याला जमू दे. चुकलो तर मग ओरड."

सोमवारी संध्याकाळी वखार बंद करायची हाक आली, तसे ते हातातलं टाकून घरी गेले. पिशवीत एक डागाळलेला पेरू होता. वहिनींनी तो चिरला, दोघांनी खाल्ला. पहाटे चहाला उठवायला गेल्या तेव्हा मास्तर उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. वहिनी म्हणाल्या, रात्री झोपताना ते वखारीतल्या एकेकाची नक्कल करत होते, आणि पैलवानाची करताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना.

मंगळवारी मालकांनी वखार बंद ठेवली. बुधवारी ताई आल्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

खिडकीतली पाचही सीताफळं पिकली होती. दोन फुटली होती, मुंग्या लागल्या होत्या. खालच्या कागदांवर मास्तरांचं मोठं, सातवीचं अक्षर होतं. सोमवार सकाळी आठ, कडक. नऊ, कडक. असं करत संध्याकाळचे सहा. पहिल्या तिन्ही फळांखाली सहासमोर लिहिलं होतं, 'देठाशी किंचित.' चौथ्याखाली 'सहा' एवढंच होतं, पुढं काही नाही. पाचव्याखालचा कागद पाचलाच संपला होता, आणि त्याला जोडायला घेतलेला दुसरा कागद कोरा, बाजूला ठेवलेला होता.