ते फोटो सुखदेवचे

सुखदेव गेल्याचं त्याच्या मुलीने, प्रज्ञाने, फोनवर सांगितलं आणि विचारलं, "काका, पुण्यानुमोदनाले ठेवाले बाबाचा एखादा फोटो असन ना तुमच्यापाशी?" शेलूबाजारात माझा फोटो स्टुडिओ. सुखदेवने उमेदीची वर्षं तिथेच घालवली, तरी त्याचा एकही फोटो सापडेना... तो कायम कॅमेऱ्यामागे.

दुष्काळात धनजकडच्या रस्त्यावर बाया खडी फोडत, तिथे तो कॅमेरा घेऊन जायचा. मी डाफरायचो, "गिऱ्हाइकं सोडून गोट्यायचे फोटो काढतं काय बे?"

"गोटे नाही भाऊ, माय हाय माही तेथं."

फोटोतही ती होती. हातोडा उचललेली, नजर थेट आपल्याकडे. पुढे ते कृष्णधवल फोटो मोठे करून, चौकटी घालून गावच्या सभागृहात लावले. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी विचारलं, "कोणी काढले?" स्टुडिओ माझा, म्हणून माना माझ्याकडे वळल्या. हार मी घालून घेतला. सुखदेव खिळे घेऊन शिडीपाशी उभा होता. चौकटींवर माझ्या नावाच्या पट्ट्या लागल्या, त्याच्या आईच्या फोटोवरसुद्धा. परतताना मीच त्याला विचारलं, "तू बोलला काहून नाही?"

"तुमी बोलसान म्हून थांबलो होतो."

हा विषय त्याने पुन्हा काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रज्ञासाठी मी त्याच्या आईची चौकट उतरवून उघडली. आम्ही ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचो, त्यामुळे खाली काढणाऱ्याची सावली उमटे. तो दोष समजून मी ती कडेच्या पुठ्ठ्याखाली झाकत असे. पुठ्ठा काढला. आईच्या पायांपाशी, कॅमेऱ्यावर मान वाकवलेला सुखदेव...

प्रज्ञा पाहतच राहिली. "आजीच्या पायाजोळच हाय बाबा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोटो कोनं काढले ते लोकायले सांगसान ना, काका?"

"सांगीन."

विहारात वंदना झाली. कोणीतरी माइकवर म्हणालं, हा फोटो काढणारे काका आज आपल्यात आहेत. माना पुन्हा वळल्या. मी उभा राहिलो, हात जोडले... आणि खाली बसलो. प्रज्ञा माझ्याकडे बघत थांबली होती, तिच्या बापासारखीच.

तोंडाने जमलं नाही, म्हणून लिहितो: सभागृहातले सगळे फोटो सुखदेवने काढले आहेत. माझ्या नावाच्या पट्ट्या मी परवा उखडल्या. त्यांच्याखालचं लाकूड अजून नव्यासारखं आहे. सुखदेवचं नाव घालायला मी ब्रश घेतला, तर प्रज्ञाने तो हातातून काढून घेतला.

"राहू द्या, काका. मी लिहीन."