खालच्या कप्प्यातली अंडी

नीलिमामावशी भाषणाला उभी राहिली की तिचा आवाज एक पट्टी वर चढतो आणि प्रत्येक वाक्याला शेपूट फुटतं. "पेशी खोटं बोलत नाही, बरं का! आपण ऐकायला चुकतो, बरं का!" घरी मात्र हीच बाई कुकरच्या शिट्ट्या विसरते. आमच्या जे. पी. नगरच्या घराखाली राहणाऱ्या सत्यवतीअक्का रोज कानडीत विचारतात, "ऊटा आयता, मेडम? मीनु हेगिदे?" जेवण झालं का, आणि मासे कसे आहेत! मावशी खुशीत सांगते, "चन्नागिदे अक्का, छान आहेत, आज भरपूर अंडी दिली."

मावशी जीवशास्त्रज्ञ. एका पेशीतून अख्खा जीव कसा घडतो, ते ती बोटभर पट्टेरी माशांच्या पारदर्शक अंड्यांत बघते. जन्म मालवणचा, त्यामुळे सुरमई सुटत नाही. पण पहिल्या घासाआधी "माफ कर गं बाई" म्हणते.

तिचं नाव झालं ते एका शोधनिबंधावर. माशातलं एक जनुक बंद केलं की पिल्लाची पाठ घडायला उशीर लागतो, असा तो शोध. देशोदेशीचे लोक आपल्या निबंधांत त्याचा आधार घेतात. कुणी घेतला की मावशीचा फोन टुंग वाजतो. पोळी तव्यावर करपली तरी चालेल, "आणखी एक!" हे झालंच पाहिजे.

मग टुंग झालं की ती फोन पालथा घालायला लागली.

त्याचं असं झालं. अंडी उबवायच्या कपाटात साधी अंडी वरच्या कप्प्यात आणि जनुक बंद केलेली खालच्यात, ही शिस्त तिनेच लावलेली. गल्लत नको, बरं का! जुनं कपाट जाऊन नवं आलं आणि तो उशीर गायबच झाला. तिने भंगारात निघालेलं कपाट पुन्हा चालू करून त्यात थर्मामीटर ठेवला. खालचा कप्पा गार. गारठ्यात कुठलंही अंडं रेंगाळतंच. जनुकाचा काही संबंधच नव्हता.

"सांगून टाक ना," आई म्हणाली.

"सांगते गं. स्वल्प थांब. त्या निबंधासाठी सन्मान होतोय ना, तेवढं भाषण होऊ दे."

भाषणाआधी अजिंक्य आला. पुण्यात पीएचडी करणारा, मावशीच्या निबंधावरच पुढचं काम रचणारा. चपला काढताना रॅक हलला, तर रॅकलाही सॉरी म्हणाला.

"सॉरी मॅडम, वेळ घेतोय. दोन वर्षं करतोय, माझ्याकडे उशीर येतच नाही. माझा हातच वाईट असणार."

"चहा घे," मावशी म्हणाली.

"सर म्हणतात, इतक्या जणांनी आधार घेतलाय, मग चूक तुझीच. गाईडच ते, सॉरी, बरोबरच असणार. मी सोडतोय मॅडम. आयटीतला मित्र म्हणतो, ये इकडेच. फक्त एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणता पेशी खोटं बोलत नाही. मग माझ्याच का बोलतात?"

मावशीने बशी खाली ठेवली. वर चढणारा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"तुझ्या खरं तेच बोलतात. माझं कपाट खाली गार होतं. महिनाभर मला माहीत आहे, अजिंक्य."

तो पहिल्यांदाच सॉरी म्हणाला नाही.

"महिनाभर? मॅडम, मी मागच्या आठवड्यात आईला सांगितलं, मला जमत नाही. ती रडली."

"तुझ्या सरांना लाव फोन. स्पीकरवर ठेव."

तिने सरांना सगळं सांगितलं. मग त्याच्यासमोरच मासिकाच्या संपादकांना निबंध मागे घेत असल्याचं कळवलं आणि भाषणालाही नकार दिला. अजिंक्य चहा तसाच ठेवून निघाला. परत पीएचडीकडे वळणार का, ते बोलला नाही. मावशीनेही विचारलं नाही.

तो जिना उतरत असतानाच टुंग झालं. मावशीने फोन सुलटा केला आणि नाव वाचलं. "चेन्नईची मुलगी दिसतेय," म्हणाली, आणि तिचा नंबर शोधायला बसली.