खांद्यावरची चार बोटं

या सदराचा मी आजवर फक्त वाचक होतो, आणि तोही शंका काढणारा. भास, संकेत, पलीकडचं काही... यातलं मी काहीच मानत नाही. शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, एवढंच मला येतं. खालचा मजकूरही त्याच सवयीने लिहिला आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो. माझी चुलती, द्वारकाकाकी, उंब्रजला एकटी असते. वय एक्याऐंशी. काका फौजेत होते. लग्नानंतर दोन वर्षांत पलटणीतच वारले. मूलबाळ नाही.

काकीला काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाय, उजवाही चार-सहा महिन्यांत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून परत येताना गाडीत ती म्हणाली, "तंवर त्येंचं तोंड एकदा नीट दाव, बापू. आन् शेजारी मला बशीव. घरात आमचा जोडफोटो न्हाई."

काकांचा एकच फोटो आहे. गणवेशात, खुर्चीवर बसलेले. त्यांच्या डाव्या अंगाचा गाल, कान आणि खांदा बुरशीने खाऊन पांढरा झालेला. मी आधी फोटो मोजला. उंची १४० मि.मी., रुंदी फक्त ५८. असा फोटो साधारण ९० रुंद असतो. वहीत लिहिलं — "रुंदी कमी, कारण माहीत नाही" — आणि पुढे गेलो.

प्रश्न सॉफ्टवेअरचा होता. तीन निवडली, तिन्ही ट्रायलवर. त्यांना अ, ब, क म्हणू. गेलेला भाग ही सॉफ्टवेअर अंदाजाने भरतात, आणि अंदाज चुकला की चेहरा दुसऱ्याच कुणाचा होतो. काकीने शेवटचं बघायचं ते परक्याचं तोंड नको होतं. म्हणून आधी माझ्याच तरुणपणीच्या फोटोचा अर्धा चेहरा झाकून तिघांना भरायला दिला आणि मूळ फोटोशी ताडून पाहिला. 'क'ने माझा डोळा साडेतीन मि.मी. खाली उतरवला. 'ब'ची चूक एक मि.मी.च्या आत. 'अ'ने मला सिनेमातला हिरो केलं. बायको म्हणाली, "लग्नाआधी हा फोटो पाठवला असतात तर मी एवढे आढेवेढे घेतले नसते."

मग काकांचा फोटो. रविवारी दुपारी प्रत्येकात चार वेळा चालवला. साध्या कागदावर बारा प्रिंट काढून टेबलावर मांडले.

बारापैकी नऊ प्रिंटमध्ये काकांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती.

तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये. त्याच जागी. मधलं बोट एका पेराने आखूड. बोटांच्या बाबतीत ही सॉफ्टवेअर चुकतात हे मला ठाऊक होतं. लाल पेनाने नऊही ठिकाणी गोल केला, बाजूला "चूक" लिहिलं. 'ब'चा उत्तम नमुना निवडून त्यातला हात पुसला, शेजारी काकीचा मोबाइलवर काढलेला फोटो बसवला, चांगल्या कागदावर छापला आणि उंब्रजला गेलो.

काकीने भिंग घेतलं. आधी स्वतःकडे पाहिलं. "ही कोन, त्येंची आय?" म्हणून हसली. मग काकांच्या चेहऱ्यावर भिंग बराच वेळ थांबलं.

"तोंड तेच हाय," ती म्हणाली. भिंग खाली सरकलं. "पर माझा हात न्हाई आला व्हय?"

"कुठला हात, काकी?"

"खांद्यावरचा. धुतल्यावर खालचं वर यील आसं वाटलं हुतं."

ती सांगू लागली. "रजेवर आल्ते तवा कराडला जाऊन काडला. ते बसलेलं, मी हुबी. फोटोवाला म्हनला, बाई, खांद्यावर हात ठिवा. ठिवला. सासूबाईंनी बगितला आन् लय तापल्या. नवऱ्याच्या अंगाला हात लावून फोटो काडतीस म्हनून कात्रीनं मला कापलं, चुलीत घातलं. हात तेवढा उरला. त्यो ब्लेडनं खरवडला. बुरशी धरली ती तितनंच."

"कुणाला सांगितलं होतंस हे?"

"कुनाला सांगनार? लाज हुती."

भिंग धरलेला तिचा हात माझ्यासमोर होता. मधलं बोट एका पेराने आखूड. लहानपणी कडबा तोडताना विळा लागलेला. ते बोट मी जन्मापासून पाहत आलोय, आणि टेबलावर नऊ वेळा पाहूनही ओळखलं नव्हतं.

घरी येऊन तोच स्कॅन, तीच सेटिंग, पुन्हा चालवलं. चाळीस वेळा. हात एकदाही आला नाही. पहिल्या बाराच्या फाइली मी जागा अडते म्हणून पुसल्या होत्या. मूळ फोटो जास्तीत जास्त मोठा करून पाहिला. खांद्याच्या जागी ब्लेडचे ओरखडे आहेत, बाकी कोरा कागद. खुर्चीतला माणूस आणि कापलेली कड पाहून सॉफ्टवेअरने हात जोडला असेल, हे मी मानायला तयार आहे. पण आखूड बोट? वहीत "रुंदी कमी"पुढे आता कारण लिहिलंय. बोटापुढचा रकाना रिकामा आहे, आणि अंदाजाने भरायची माझी इच्छा नाही.

पुढच्या रविवारी नऊपैकी सर्वांत स्पष्ट प्रिंट काकीला नेऊन दिला. साधा कागद, फिकी शाई.

"ह्यो लाल गोल कशाला रं?"

"चूक दाखवायला केला होता."

"कुनाची?"

"माझी," मी म्हणालो. "गोल पुसून दुसरी प्रत आणून देऊ?"

तिने कागद डोळ्याजवळ नेला, गोलावर आखूड बोट ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. आता तेवढंच दिसतंय बग. त्यो लाल धरला की हात घावतोय."