चमचा लेकीच्या हातात

नऊ मार्च. या तारखेपर्यंत, बारा वर्षांत, आठ माणसे मावशींच्या हातांवर गेली होती. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या या परक्या देशातल्या बाईंना गावात सगळे मावशीच म्हणत. त्यांचा मुक्कामाचा परवाना संपला होता. नागरिकत्व हवे असेल, तर दहा वर्षांची ओळख सांगणारा एक नागरिक सुनावणीला उभा करावा. नाहीतर देश सोडावा, असा हुकूम आला होता.

"वहिनी, तुमच्या ओळखीचे सगळे वर पोचलेत," त्यांच्याच देशातून मागाहून आलेली, एकाच खोलीत राहणारी नणंद म्हणाली. "तिथलंच नागरिकत्व मागा. वशिला तगडा आहे."

मावशी हसल्या आणि चपला घालून मास्तरीणबाईंकडे गेल्या. बाईंच्या आईचे त्यांनी चार वर्षे सगळे केले होते. ते त्यांचे इथले पहिलेच काम.

"किती वाळलात हो!" म्हणत बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बसवले. येण्याचे कारण कळताच मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"दुसरं कोणी नाही का, मावशी?"

"दहा वर्षांमागच्या ओळखीच्या तुम्ही तेवढ्या उरलात, ताई."

"आईचं मी एकटीनं केलं, असं भाऊ धरून चाललेत. त्याच भरवशावर त्यांनी घर माझ्या नावावर केलं."

ही समजूत मावशींनीच घडवली होती. भेटीला कोणी आले, की दारात पावले वाजताच भरवण्याचा चमचा त्या लेकीच्या हातात देत आणि मागच्या खोलीत जात. आजारी माणसाला त्याच्याच माणसाने भरवलेले लोकांना दिसावे, असा त्यांच्या कामाचा नेम होता. त्याचा त्यांना अभिमानही होता. आपण कोणाच्या नजरेस पडलो नाही, याची किंमत तेव्हा त्यांच्या लक्षात आली नाही.

"येते मी सुनावणीला," बाई अखेर म्हणाल्या.

त्या आल्या. सोबत थोरला भाऊ होता.

"या बाई तुमच्या घरी राहत होत्या?" अधिकाऱ्याने विचारले.

बाईंनी भावाकडे पाहिले. "यायच्या अधूनमधून. कपडे धुवायला."

"आईचं कोण करायचं?"

"मीच."

मावशी उठल्या. "चार वर्षं मी म्हातारीच्या खाटेशेजारी खाली निजले, साहेब. ताई, एकदा माझ्याकडं बघून सांगा ना."

बाईंनी मान वर केली नाही. भाऊ मात्र आपणहून बोलला. "मी दर भेटीला बघितलंय, साहेब. आईला भरवायची ती माझी बहीणच."

तो खोटे बोलत नव्हता.

अर्ज फेटाळला गेला. महिनाअखेर नणंद मावशींना सीमेवरच्या बसपर्यंत पोचवून एकटी परतली.

मास्तरीणबाईंनी पगार वेळच्या वेळी चुकता केला होता. साक्ष अजून देणे आहे.